मिनी ट्रॅक्टरला मागे डीसीव्ही बसवताय? आधी तेलाचा रस्ता बघा



हरभरा निघाला, तुराट्या बांधावर आल्या, आता उन्हाळी नांगरटीचे दिवस. पाडव्याला कुणी नवा ट्रॅक्टर घेतलाय, कुणी जुन्याला नवं अवजार बघतंय. आणि सध्या फोनवर एकच प्रश्न जास्त येतो: "आमच्या २४ एचपीच्या मिनीला मागे डीसीव्ही बसवून घेऊ का? पलटी नांगर, ट्रॉली सगळं चालेल म्हणतात."

आजचा संदेश त्याच्यावरच आहे. जरा मोठा आहे, पण बसवायच्या आधी वाचला तर पैसे वाचतील. सेफ्टीचा भाग तर घरातल्या ट्रॅक्टर चालवणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

एका सभासदाची गोष्ट आधी सांगतो. त्यांनी गावाजवळच्या फिटरकडून व्हॉल्व्ह बसवून घेतला. नांगर पलटत होता, लिफ्टही उचलत होती, सगळे खूश. चौथ्या दिवशी लिव्हरच्या बुडातून तेल यायला लागलं. सील बदललं, दोन दिवस चाललं, परत गळती. पुन्हा सील. तिसऱ्यांदा मात्र व्हॉल्व्हलाच चीर गेली आणि रानात तेलाचा पाट वाहिला. नांगरटीचे आठ दिवस गेले आणि नवा व्हॉल्व्ह भंगारात. व्हॉल्व्ह वाईट नव्हता. एक पाईप चुकीच्या तोंडाला जोडला होता. तो कोणता, ते पुढे येतंय.

*डीसीव्ही म्हणजे नेमकं काय?*

तुमच्या ट्रॅक्टरला हायड्रोलिक आधीच आहे. मागची लिफ्ट, म्हणजे दोन खालचे हात आणि वर टॉप लिंक. ही तीन टोकांची जोडणी आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने शोधली. १९२६ साली त्याला पेटंट मिळालं आणि १९३६ पासून ती ट्रॅक्टरवर बाजारात आली. आज १५ एचपीपासून १०० एचपीपर्यंत सगळे ट्रॅक्टर त्याच पद्धतीवर चालतात.

पण ही लिफ्ट एकच काम करते. तेलाच्या दाबाने अवजार वर उचलते, खाली मात्र ते स्वतःच्या वजनाने येतं. अवजाराच्या अंगावर वेगळा सिलिंडर असेल, म्हणजे नांगर पलटवणारा, ट्रॉली उचलणारा, लेव्हलर तिरका करणारा, तर त्याला तेल ट्रॅक्टरच्या बाहेर आणून द्यावं लागतं. ते तेल कोणत्या पाईपात सोडायचं हे ठरवणारा लिव्हरवाला व्हॉल्व्ह म्हणजे डीसीव्ही. मोठ्या ट्रॅक्टरला तो बहुतेक वेळा कारखान्यातूनच येतो किंवा सहज बसतो. मिनीला बऱ्याचदा नंतर बसवावा लागतो. घोळ होतो तो इथेच.

*आधी ठरवा: गरज आहे का?*

खरं सांगायचं तर निम्म्या सभासदांना याची गरजच नाही. अवजारं एकेक करून बघू.

▪️ *बीबीएफ पेरणी यंत्र, मोगडा, वखर, रोटाव्हेटर, साधा नांगर:* डीसीव्ही लागत नाही. लिफ्ट आणि पीटीओवर काम भागतं. सोयाबीन-हरभरा करणाऱ्याचं वर्षभराचं बहुतेक काम यातच येतं. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ सोयाबीनला रुंद वरंबा-सरी करा म्हणून सांगतं, त्यासाठी मागे वेगळं तेल आणायची गरज नाही.

▪️ *खड्डे पाडायचं यंत्र, फवारणीचा ब्लोअर:* हे पीटीओच्या शाफ्टवर चालणारं घ्या. तेलावर फिरणाऱ्या मोटरला सतत भरपूर तेल लागतं. मिनीचा पंप तेवढं देत नाही आणि तेल तापतं ते वेगळंच.

▪️ *उचलती ट्रॉली:* तेलाच्या दाबाने वर जाते, वजनाने खाली येते. एकच पाईप लागतो. बऱ्याच ट्रॅक्टरना लिफ्टच्या कव्हरवर ट्रॉलीसाठी तेल काढायची जागा बूच लावून आधीच दिलेली असते. पुस्तिका उघडून बघा. ती जागा असेल तर फक्त ट्रॉलीसाठी डीसीव्ही घेऊ नका.

▪️ *पलटी नांगर:* सिलिंडर दोन्ही बाजूंनी ढकलतो, म्हणून दोन पाईप लागतात. इथे डीसीव्ही लागतोच. पण दोन फाळी हायड्रोलिक पलटी नांगर हे साधारण ४० एचपीच्या पुढचं काम आहे. मिनीच्या मागे लावायचा तर एक फाळीच. हाताने लिव्हर ओढून पलटणारा मेकॅनिकल नांगरही मिळतो, तोही बघून घ्या.

▪️ *तेलावरची टॉप लिंक, तिरका होणारा लेव्हलर, बाजूला सरकणारं तण काढायचं यंत्र:* अर्धापूर भागातली केळी, औश्याकडची द्राक्षं, हळद, ऊस, जिथे दोन ओळींत मोठा ट्रॅक्टर शिरत नाही तिथे मिनीला खरा उपयोग याचा. दोन पाईप, एक लिव्हर. सीटवरून न उतरता अवजार सरळ-तिरकं करता येतं.

आता वहीत लिहा: माझ्याकडे असं अवजार वर्षातून किती दिवस चालणार? चार-पाच दिवसांचं काम असेल तर भाड्याने नांगरट करून घेणं किंवा अवजार बँकेतून मोठा ट्रॅक्टर घेणं परवडतं. महिना-दीड महिना काम असेल, शेजाऱ्यांचंही करणार असाल, तर पुढे वाचा.

*पंप किती देतो? दोन आकडे विचारा*

ट्रॅक्टरचा पंप कसा आहे हे दोन आकडे सांगतात.

१) *मिनिटाला किती लीटर तेल.* यावर अवजाराचा वेग ठरतो.
२) *किती दाबापर्यंत.* यावर ताकद ठरते. आपले मिस्त्री "१५० किलो दाब" म्हणतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो.

हिशोब सोपा आहे. ६३ मिमी बोअरचा सिलिंडर घेतला तर त्याच्या पिस्टनचं क्षेत्र साधारण ३१ चौरस सेंमी होतं. ३१ गुणिले १५०, म्हणजे ४,६०० किलोच्या वर जोर. आत येताना रॉडची जागा वजा होते. ३५ मिमीचा रॉड असेल तर जोर ३,२०० किलोच्या आसपास. एक फाळी नांगर पलटवायला हे भरपूर आहे. म्हणजे मिनीला *ताकदीची* अडचण सहसा येत नाही.

वेगाचं बघा. तोच सिलिंडर ३० सेंमी बाहेर यायला साधारण ९३५ मिलिलीटर, म्हणजे लीटरभराला थोडं कमी तेल लागतं. पंप मिनिटाला १५ लीटर देत असेल तर काम पावणेचार सेकंदांत होतं. इंजिन अर्ध्या आरपीएमवर असेल तर पंपही अर्धंच तेल देतो, साडेसात सेकंद लागतात. म्हणून नांगर हळू पलटतोय म्हणून लगेच फिटरकडे पळू नका. आधी रेस वाढवून बघा.

हे दोन आकडे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतात. तिथे सापडले नाहीत तर डीलरला त्या मॉडेलचा टेस्ट रिपोर्ट मागा. मध्य प्रदेशात बुधनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणीची संस्था आहे. तिच्या रिपोर्टमध्ये हायड्रोलिकचे आणि लिफ्टचे आकडे मोजून दिलेले असतात. दुकानदार तोंडी काय सांगतो त्यापेक्षा हा कागद खरा.

*तेलाचा रस्ता: सगळा खेळ इथे आहे*

आपल्याकडच्या मिनी ट्रॅक्टरमध्ये साधारणपणे गिअर पंप असतो. इंजिन चालू आहे तोवर हा पंप तेल ढकलतच राहतो, थांबत नाही. कॅनॉलच्या पाटासारखं समजा. तुम्ही बारं फोडलं नाही तरी पाणी वाहतंच, पुढे जातं आणि शेवटी ओढ्याला मिळतं. पाट मधेच बुजवला तर पाणी काठ फोडतं. तेलाचंही तसंच. लिव्हर मधे असताना तेलाला पुढे जायला मोकळा रस्ता पाहिजे.

म्हणून पहिली अट: व्हॉल्व्ह *ओपन सेंटर* प्रकारचा पाहिजे. लिव्हर मधे असताना तेल अडवणारा, म्हणजे क्लोज सेंटर, लावला तर पंपाचं तेल सतत रिलीफ व्हॉल्व्हमधून कुरकुरत निघतं. तेल उकळतं आणि पंप हंगामभरात जातो.

आता व्हॉल्व्हची तोंडं बघा. नीट समजून घ्या, कारण फिटरसमोर उभं राहिल्यावर हेच विचारायचंय.

🔹 *पी:* पंपाकडून येणारं तेल.
🔹 *ए आणि बी:* अवजाराच्या सिलिंडरला जाणारे दोन पाईप. लिव्हर पुढे केला की एकातून तेल जातं, दुसऱ्यातून परत येतं. मागे केला की उलटं.
🔹 *टी:* परतीचं तेल, थेट टाकीत. या तोंडाला दाब चालत नाही.
🔹 *पॉवर बियाँड (कुणी कॅरी ओव्हर म्हणतं):* लिव्हर मधे असताना पंपाचं तेल पुढे ट्रॅक्टरच्या लिफ्टला देणारं वेगळं तोंड. हे दाब सहन करतं.

आता सुरुवातीच्या सभासदाकडे येऊ. त्यांच्या फिटरने पॉवर बियाँडचं तोंड नसलेला साधा व्हॉल्व्ह आणला. मग लिफ्टला तेल कुठून द्यायचं? त्याने *टी* मधून दिलं. लिव्हर मधे असताना तेल टी मधून लिफ्टला जायचं, लिफ्ट उचलायची, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण लिफ्टने वजन उचललं की तिचा सगळा दाब उलटा टी च्या खोलीत चढायचा. ती खोली बिनदाबाच्या परतीच्या तेलासाठी केलेली. लिव्हरच्या बुडातलं सील तिथेच असतं. ते दोनदा फुटलं आणि तिसऱ्यांदा व्हॉल्व्हचं अंग फाटलं.

बरोबर जोडणी अशी: पंपातून *पी* ला, *पॉवर बियाँड* मधून लिफ्टला, आणि *टी* चा वेगळा पाईप थेट तेलाच्या टाकीत. तीन पाईप, तीन जागा. फिटरने दोनच पाईप काढले आणि लिफ्टही चालतेय म्हणाला, तर तिथेच थांबा आणि विचारा, "पॉवर बियाँड कुठंय?" काही व्हॉल्व्हमध्ये त्यासाठी वेगळी स्लीव्ह बसवावी लागते. ती त्याच व्हॉल्व्हच्या कंपनीची घ्या.

टी चा पाईप टाकीत जिथे सोडाल तिथे तो तेलाच्या पातळीखाली उघडला पाहिजे. वरून धार पडली तर तेलात फेस होतो, फेसाळ तेल पंपात गेलं की लिफ्ट धक्के देते आणि पंप ओरडतो. हवा जाण्यासाठी असलेल्या छोट्या भोकात परतीचा पाईप कोंबणाऱ्यापासून लांब राहा.

अजून एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. अशा जोडणीत तेल पहिल्यांदा डीसीव्हीला मिळतं. नांगर पलटत असताना लिफ्ट उचलणार नाही. हा बिघाड नाही, पद्धतच तशी आहे. आधी लिफ्ट वर घ्या, मग पलटवा.

*रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू: हात लावू नका*

नव्या व्हॉल्व्हला स्वतःचा रिलीफ असायलाच हवा. लिफ्टचा रिलीफ पुढे असतो. डीसीव्हीचा लिव्हर ओढल्यावर तेल तिथपर्यंत पोचतच नाही. सिलिंडर शेवटपर्यंत गेला आणि लिव्हर धरून ठेवला, तर दाब सोडायला याच रिलीफचा आधार असतो.

तो किती दाबावर उघडायचा हे गेज लावून ठरवायचं. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत जो दाब आहे त्याच्यापुढे नाही. "थोडा टाईट करतो, जास्त वजन उचलेल" असं म्हणणारा मिस्त्री तुमचा मित्र नाही. वजन दोन-चार किलो जास्त उचलेलही, पण पंपाचं सील, लिफ्टचं कव्हर आणि पाईप यांच्यावर रोज जादा ताण येईल. गेज नसलेल्या फिटरकडून रिलीफ सेट करून घेऊ नका.

*पाईप आणि कपलर*

लातूर, नांदेडला होज दाबून देणारी दुकानं आहेत. पाईप घेताना आत किती तारांची जाळी आहे ते विचारा. अर्धा इंची एका जाळीच्या पाईपाला १६० बारपर्यंत काम करायची मुभा असते, दोन जाळीच्याला २७५ बारपर्यंत. आपला दाब १५० च्या आसपास, वर धक्क्याला तो क्षणभर वाढतो. म्हणून *दोन जाळीचाच* घ्या. पाईपावर छापलेलं वाचून घ्या. क्लिप लावून घट्ट केलेला पाण्याचा किंवा डिझेलचा पाईप दाबाच्या बाजूला कधीही नको.

पाईप सायलेन्सरजवळून, पीटीओ शाफ्टजवळून किंवा लिफ्टच्या हाताखालून जाता कामा नये. लिफ्ट पूर्ण वर-खाली करून, स्टिअरिंग दोन्हीकडे वळवून बघा. कुठे घासतो, कुठे ताणतो, ते आधीच दिसेल.

कपलर दोन्ही बाजूंना एकाच मापाचे आणि झाकणासकट घ्या. झाकण म्हणजे चैन वाटते, पण काळ्या मातीचा एक कण आत गेला की स्पूलवर ओरखडा पडतो. मग लिव्हर मधे ठेवला तरी नांगर हळूहळू झुकत राहतो.

*तेल एकच, गिअरचं आणि हायड्रोलिकचं*

आपल्या बऱ्याच ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, लिफ्ट आणि तेलातले ब्रेक, तिघांचं तेल एकाच टाकीत असतं. याचे तीन अर्थ निघतात.

एक, शेजाऱ्याचं अवजार आणून जोडलं की त्याच्या सिलिंडरमधलं तेल तुमच्या गिअरबॉक्समध्ये येतं. त्यात पाणी, माती, जुनं इंजिन ऑईल काहीही असू शकतं. आणलेलं अवजार जोडायच्या आधी त्याचं तेल बघा. काळं किंवा दुधी दिसलं तर जोडू नका.

दोन, पुस्तिकेत लिहिलेलंच तेल घाला. स्वस्त हायड्रोलिक ऑईल घातलं तर तेलातले ब्रेक आवाज करतात, पकड कमी होते. उतारावर भरलेली ट्रॉली मागे असताना हे महाग पडेल.

तीन, पातळी. ८० मिमी बोअरचा, ८० सेंमी बाहेर येणारा सिलिंडर पूर्ण उघडला की ४ लीटर तेल टाकीतून बाहेर जातं. मिनीच्या टाकीला हे कमी नाही. ट्रॉली वर असताना पंपाला तेल कमी पडलं तर तो हवा ओढतो. तेलाची कांडी सगळे सिलिंडर आत असताना बघायची. पहिल्यांदा अवजार जोडून चार-पाच वेळा चालवल्यावर परत बघायची, कारण नव्या पाईपात आणि सिलिंडरमध्ये तेल भरलं जातं.

नवीन जोडणीत पाईप कापताना रबराचे, लोखंडाचे बारीक कण राहतात. पाईप जोडण्याआधी हवा मारून, तेलाने धुऊन घ्या. पहिले काही तास काम झालं की हायड्रोलिकचा फिल्टर काढून साफ करा किंवा बदला.

*खरी मर्यादा पंपाची नाही, वजनाची आहे*

वर बघितलंच, छोटा पंपही काही टनांचा जोर देतो. धोका तिथेच आहे. तेल म्हणतं "जमेल", पण ट्रॅक्टरचं पुढचं चाक म्हणतं "नाही".

एक हिशोब करू. ट्रॅक्टर ९०० किलोचा आणि त्यातलं ३६० किलो पुढच्या चाकांवर, असं धरून चालू. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर दीड मीटर. मागे ३०० किलोचं अवजार उचललं आणि त्याच्या वजनाचा मध्य मागच्या एक्सलपासून १.२ मीटर मागे असेल, तर पुढच्या चाकांवरचं वजन २४० किलोने कमी होतं (३०० गुणिले १.२ भागिले १.५). उरले १२० किलो. पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के, म्हणजे इथे १८० किलो, राहिले पाहिजेत असा साधा नियम आहे. १२० किलोवर स्टिअरिंग हलकं पडतं. बांध चढताना, नाल्याचा उतार ओलांडताना तोंड वर येतं. ट्रॅक्टर मागे उलटतो तेव्हा उडी मारायला वेळ मिळत नाही.

म्हणून आमची सूचना: अवजार लावून, उचलून, ट्रॅक्टर मोंढ्यातल्या किंवा गावाजवळच्या वजनकाट्यावर न्या. फक्त *पुढची चाकं* काट्यावर घ्या आणि वजन करा. काट्याची पावती म्हणजे तुमच्या ट्रॅक्टरचा खरा रिपोर्ट. कमी भरलं तर पुढे कंपनीचे वजनाचे ठोकळे लावा, नाही तर हलकं अवजार घ्या. बंपरला दगड-पोती बांधून भागवू नका.

आणि पलटी नांगर पलटताना वजन एका बाजूला झुलतं. रानाच्या टोकाला, सपाट जागी, ट्रॅक्टर उभा करूनच पलटवा. बांधावर, तिरक्या जागेत नाही.

*⚠️ हे घरात सगळ्यांना वाचून दाखवा*

*१. गळती हाताने शोधू नका.* दाबाच्या पाईपाला सुईएवढं भोक पडलं तर त्यातली धार डोळ्याला दिसत नाही, पण कातडी भेदून आत जाते. टोचल्यासारखं वाटतं, ठिपका दिसतो, सुरुवातीला फार दुखतही नाही. काही तासांत बोट सुजतं आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागतो. गळती बघायला पुठ्ठ्याचा तुकडा धरा. कुणाला असं लागलंच तर हळद लावून, टीटी घेऊन घरी बसू नका. लगेच लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत किंवा नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा: "दाबाचं तेल आत गेलंय." वरून जखम छोटी दिसते, म्हणून हे सांगणं गरजेचं आहे.

*२. उचललेल्या ट्रॉलीखाली, अवजाराखाली डोकं घालू नका.* पाईप फुटला तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. खाली काम करायचंच असेल तर लोखंडी टेकू लावा. जॅकवर किंवा विटांवर भरवसा नको.

*३. पाईप काढायच्या आधी दाब सोडा.* अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा, लिव्हर दोन्ही बाजूंना चार-पाच वेळा हलवा, मग कपलर काढा.

*४. उन्हात तापलेला पाईप.* मे महिन्यात अवजार उघड्यावर राहिलं की आतलं तेल तापून फुगतं आणि कपलर बसत नाही. हातोडी मारू नका. पाईपाची टोकं सावलीत, ओल्या पोत्यात ठेवा, गार झालं की बसतं. कपलर सैल करून तेल सोडायच्या भानगडीत पडू नका.

*५. लेकरं.* लिव्हर मागे असतो, हाताला येतो. ट्रॅक्टर उभा करताना अवजार नेहमी जमिनीवर, चावी खिशात.

*बसवायला जाताना*

🔸 पहिली पसंती ट्रॅक्टर कंपनीच्या किटला. डीलरला मॉडेल आणि चेसिस नंबर सांगून विचारा, "या मॉडेलसाठी डीसीव्हीचा किट येतो का?" व्हॉल्व्ह, ब्रॅकेट, लोखंडी नळ्या सगळं मापाचं येतं.

🔸 ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर बाहेरून काहीही बसवण्याआधी डीलरकडून लेखी घ्या. "काही होत नाही हो" हे तोंडी उत्तर पुढे चालत नाही.

🔸 बाहेरून बसवणार असाल तर कोटेशन एकेक वस्तूचं वेगळं मागा: व्हॉल्व्ह, पॉवर बियाँड स्लीव्ह, पाईप, कपलर, ब्रॅकेट, तेल, मजुरी. एक गोळा रक्कम सांगणारा नेमकी कोणती वस्तू गाळतोय हे कळत नाही. बहुतेक वेळा स्लीव्ह आणि तेलच गाळलेलं असतं.

🔸 एकाच अवजारासाठी एक लिव्हर पुरतो. "दोन घेऊन ठेवा, पुढे लागेल" म्हणून दोन लिव्हरचा घेऊ नका. लेव्हलर आणि टॉप लिंक दोन्ही तेलावर चालवणार असाल तरच.

🔸 लिव्हर सोडल्यावर आपोआप मधे येणारा घ्या. अडकून राहणारा असेल तर पंप रिलीफवर ओरडत राहतो आणि लक्षात येत नाही.

🔸 अवजारावर अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटीवर अर्ज करा आणि *पूर्वसंमती येईपर्यंत खरेदी करू नका.* आधीच्या तारखेचं बिल चालत नाही.

*घरी आणल्यावर पहिला दिवस*

इंजिन कमी रेसवर ठेवा. अवजार न लावता लिफ्ट वर-खाली करा. मग अवजार जोडून सिलिंडर हळू आत-बाहेर करा, आठ-दहा वेळा. त्यातली हवा निघते, पहिले झटके आपोआप थांबतात. बंद करून तेल बघा, कमी असेल तर भरा. परत चालू करून लिव्हर मधे ठेवा आणि पाच मिनिटं नुसतं ऐका. पंप शांत पाहिजे. घरघर आली तर हवा किंवा तेल कमी, कुरकुर आली तर तेल कुठेतरी अडतंय. अर्धा तास काम करून टाकीला हात लावून बघा. कोमट-गरम ठीक आहे, हात टेकवत नसेल तर तिथेच थांबा आणि फिटरला बोलवा.

*शेवटी एवढंच*

मिनी ट्रॅक्टरला मागे हायड्रोलिक जोडणं वाईट नाही. केळीत, द्राक्षात, उसात काम करणाऱ्याचे त्यातून मजुरीचे दिवस वाचतात आणि कंबर वाचते. फक्त पैसे देण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं स्वतःला माहीत पाहिजेत: पंपाचं तेल कुठून येतं, लिफ्टला कुठून जातं, आणि टाकीत कुठे परत येतं. बोट ठेवून हा रस्ता दाखवता आला तर फिटर तुम्हाला फसवू शकत नाही. दाखवता आला नाही तर अजून बसवू नका.

बसवायचा विचार असेल तर ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूचा, लिफ्टच्या कव्हरचा आणि पुस्तिकेतल्या हायड्रोलिकच्या पानाचा फोटो याच नंबरवर पाठवा. सोबत अवजाराचं नाव आणि वजन लिहा. आधीच बसवला असेल तर पाईपांचा फोटो पाठवा. टी आणि पॉवर बियाँड बरोबर आहे का ते बघून सांगू. त्या सभासदांनीही फोटो चौथ्या दिवसाऐवजी पहिल्या दिवशी पाठवला असता तर व्हॉल्व्ह वाचला असता.

हा संदेश गावातल्या फिटरलाही पाठवा. चांगल्या फिटरला राग येणार नाही.

रामराम. 🙏
आपली शेतकरी उत्पादक कंपनी, अवजार विभाग